टीएसएच ६.८ आणि मुकादमाची हाक

सकाळी साडेसातला लॅबचा मुलगा दारात उभा असतो. दंडाला पट्टा आवळून, कोपराच्या खळग्यात स्पिरिटचा बोळा फिरवून तो पिवळ्या झाकणाच्या नळीत तीन-चार मिलिलिटर रक्त घेतो. नळी चार-पाच वेळा हलकेच उलटीपालटी करतो, नावाची पट्टी चिकटवतो आणि पुढच्या इमारतीकडे निघतो. संध्याकाळी व्हॉट्सॲपवर पीडीएफ येते. त्यात तीन ओळी: टी-थ्री, टी-फोर, टीएसएच. पहिल्या दोन साध्या अक्षरांत, तिसरी ठळक. टीएसएच ६.८. शेजारी नॉर्मल रेंज छापलेली असते, ०.४ ते ४.५. रात्रीची पानं मांडेपर्यंत घरच्या ग्रुपवर निदान होऊनही जातं: "थायरॉइड निघाला."

हे रक्त अडतीस वर्षांच्या एका शिक्षिकेचं आहे असं समजू. गेले सहा महिने तिला थकवा जाणवतोय, कंगव्यात केस जास्त येतात, वजन चार किलोंनी वाढलंय. थायरॉइड मंदावला की हे सगळं होतं. पण थकवा आणि केसगळती अंगातलं लोह कमी झाल्यावरही होते, आणि अपुरी झोप थकवाही देते, वजनही वाढवते. नुसत्या लक्षणांवरून थायरॉइड ओळखता येत नाही, म्हणून तर रक्त तपासायचं. तो ठळक आकडा काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे तिला कुणीतरी शांतपणे समजावून द्यायला हवं. गर्दीच्या दवाखान्यात वाट्याला आलेल्या पाच मिनिटांत नेमकं तेच राहून जातं.

सुरुवात नावापासून करावी लागते, कारण टीएसएच हे थायरॉइड ग्रंथीत तयार होतच नाही. कंठमण्याच्या खाली, श्वासनलिकेला पुढून बिलगलेली, फुलपाखराच्या आकाराची ही ग्रंथी जेमतेम वीसेक ग्रॅमची. ती मुख्यतः टी-फोर आणि थोडं टी-थ्री बनवते. नावातला चार किंवा तीन हा आकडा म्हणजे त्या रेणूवर आयोडिनचे किती अणू आहेत त्याची मोजणी. टी-फोर हा कोठारातला माल. शरीर गरजेप्रमाणे त्यातला आयोडिनचा एक अणू काढून टी-थ्री करून घेतं, आणि हृदयाचे ठोके, अंगाची ऊब, आतड्यांची हालचाल, त्वचा-केसांची वाढ यांचा वेग ठरतो तो टी-थ्रीवर. टीएसएच मात्र मेंदूच्या तळाशी असलेल्या, वाटाण्याएवढ्या पिट्युटरी ग्रंथीतून येतं. पिट्युटरी हा मुकादम आणि थायरॉइड हा मजूर असं धरलं, तर टीएसएच म्हणजे मुकादमाची हाक. काम नीट चाललं असेल तर मुकादम हळू बोलतो. माल कमी पडू लागला की आवाज चढवतो. मजूर नको तितका माल काढत सुटला की मुकादम गप्प बसतो.

म्हणून टीएसएच वाढलं की थायरॉइड मंदावलेला असतो, आणि टीएसएच तळाला गेलं की थायरॉइड बेफाम चाललेला असतो. "थायरॉइड वाढलाय" असं ज्याला आपण घरोघरी म्हणतो, तो बहुतेक वेळा कमी पडलेला थायरॉइड असतो. हा उलटा हिशेब एकदा मनात बसला की निम्मा रिपोर्ट आपोआप कळतो.

या मुकादमाचा कानही फार तिखट आहे. रक्तातलं टी-फोर निम्म्यावर आलं, तर टीएसएच दुपटीवर न थांबता शंभरपटीपर्यंत चढू शकतं. टी-फोर त्याच्या छापील मर्यादेत असतानाच टीएसएच मर्यादा ओलांडून जातं ते यामुळेच. प्रत्येक माणसाच्या टी-फोरची स्वतःची एक ठरलेली पातळी असते आणि ती छापील मर्यादेपेक्षा बरीच अरुंद असते. कागदाला ती ठाऊक नसते, पिट्युटरीला ठाऊक असते.

ही हाक मोजता येऊ लागली त्याला फार काळ झालेला नाही. १८९१ साली इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला जॉर्ज मरे नावाच्या तरुण डॉक्टरसमोर ४६ वर्षांची एक बाई आली. चेहरा सुजलेला, बोलणं संथ, अंग थंड. मरेकडे कसलीच रक्ततपासणी नव्हती, नजरेनेच निदान केलं. मेंढीच्या थायरॉइडचा अर्क काढून त्याने तिला इंजेक्शन दिलं, पुढे तो अर्क पोटात देऊ लागला. ती आणखी २८ वर्षं जगली. तेवढ्या काळात तिच्यासाठी ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या. आज तेच काम मोहरीपेक्षा थोडी मोठी गोळी करते, पण डोस किती हे मरेला तिच्या चेहऱ्याकडे पाहूनच ठरवावं लागत होतं.

रक्तातली अशी अतिसूक्ष्म द्रव्यं मोजण्याची वाट रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी १९५० च्या दशकात इन्शुलिनसाठी शोधली. किरणोत्सारी आयोडिनची खूण लावलेल्या त्या पद्धतीला, म्हणजे रेडिओइम्युनोअसेला, १९७७ चं नोबेल मिळालं. बर्सन तोवर हयात नव्हते. हेच तंत्र पुढे टीएसएचसाठी आलं. आपल्याकडे भाभा अणुसंशोधन केंद्राचं परळचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून थायरॉइडच्या तपासणीसाठी आणि उपचारासाठी ओळखलं जातं. मुंबई-कोकणातल्या कित्येक घरांत 'परळला स्कॅनला गेलो होतो' ही आठवण आजही निघते. सुरुवातीच्या टीएसएच चाचण्यांत मात्र एक मोठी उणीव होती. एक एककाच्या खालचं त्यांना दिसतच नसे. मुकादम ओरडतोय हे कळायचं, पण तो हळू बोलतोय की मुळीच बोलत नाही, हा फरक कळत नसे. आजच्या चाचण्या ०.०१ पर्यंत वाचतात. त्यामुळे ०.३ आणि ०.०१ या दोन 'कमी' आकड्यांमधला जमीन-अस्मानाचा फरक आता डोळ्यांसमोर येतो. पहिला कदाचित तात्पुरता असेल. दुसऱ्याचा अर्थ बहुधा असा, की रक्तात संप्रेरक मावत नाही इतकं झालंय.

आता पुन्हा त्या ६.८ कडे.

नॉर्मल रेंज म्हणजे निरोगी आणि आजारी यांच्यामध्ये घातलेलं कुंपण, असा सरसकट समज आहे. प्रत्यक्षात ती अशी काढतात: निरोगी वाटणाऱ्या बऱ्याच लोकांचं रक्त तपासायचं, आकडे चढत्या क्रमाने लावायचे, वरचे अडीच टक्के आणि खालचे अडीच टक्के बाजूला काढायचे, उरलेली मधली ९५ टक्के ती रेंज. म्हणजे व्याख्येनेच शंभर निरोगी माणसांतल्या पाच जणांचा आकडा रेंजबाहेर पडणार. शिवाय वय वाढतं तसं टीएसएचही किंचित वर सरकतं. अमेरिकेतल्या मोठ्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत, थायरॉइडचा आजार नसलेल्या ८० वर्षांपुढच्या लोकांची वरची मर्यादा ७.४९ निघाली होती. अडतीस वर्षांच्या शिक्षिकेचं ६.८ आणि तिच्या ब्याऐंशी वर्षांच्या आजेसासूबाईंचं ६.८ हे कागदावर सारखेच ठळक छापले जातात. त्यांचा अर्थ मात्र वेगळा.

दुसरी गोष्ट वेळेची. टीएसएच दिवसभर एकसारखं राहत नाही. मध्यरात्रीनंतर ते शिखरावर असतं, सकाळपासून उतरत जातं आणि दुपारी सर्वांत खाली येतं. एकाच निरोगी माणसाचा सकाळी साडेसातचा आणि दुपारी तीनचा आकडा ठळकपणे वेगळा येऊ शकतो. म्हणून मागच्या रिपोर्टशी तुलना करायची असेल तर रक्त साधारण त्याच वेळी आणि शक्यतो त्याच लॅबमध्ये द्यावं. लॅब बदलली की यंत्र बदलतं, कधी एककही बदलतं. टी-थ्री एका लॅबमध्ये १.२ आणि दुसऱ्या लॅबमध्ये १२० आलेलं पाहून घाबरलेली माणसं भेटतात. पहिली लॅब नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर लिहिते, दुसरी नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर. रक्त तेच, टी-थ्रीही तेवढंच. आकड्याच्या शेजारचा तो बारीक अक्षरातला रकाना आधी वाचावा.

तिसरी गोष्ट आजारपणाची. इस्पितळात दाखल असलेल्या माणसाचं टी-थ्री खाली जातं, टीएसएचही दबू शकतं. शरीर संकटात खर्च कमी करतं तसाच हा प्रकार. मग माणूस बरा होऊ लागला की मुकादम पुन्हा जोरात हाका मारतो आणि काही दिवस टीएसएच दहाच्याही वर दिसू शकतं. डेंगीने चार दिवस ॲडमिट होऊन आलेल्या माणसाने पंधरवड्यात 'फुल बॉडी चेकअप' करून घेतलं आणि टीएसएच वाढलेलं निघालं, तर दोन महिने थांबून पुन्हा तपासणं हाच पहिला उपचार.

आणि केसांच्या गोळ्या. यावर थोडं थांबायलाच हवं, कारण थायरॉइडच्या शंकेने रक्त तपासणाऱ्या कितीतरी बायका केस गळतात म्हणून आधीच या गोळ्या घेत असतात. त्यांत बायोटिन असतं. मोठ्या माणसाची दिवसाची गरज ३० मायक्रोग्रॅमची. बाजारातल्या अनेक गोळ्यांत १० मिलिग्रॅम, म्हणजे १०,००० मायक्रोग्रॅम, गरजेच्या तीनशेपटीहूनही जास्त. शरीराला त्याचा त्रास होत नाही, पण लॅबच्या यंत्राची फसगत होते. अनेक चाचण्यांत रक्तातलं टीएसएच पकडून ठेवायला बायोटिनचाच चिकटपणा वापरलेला असतो. रक्तात आधीच बायोटिन भरलेलं असेल तर त्या सगळ्या जागा तेच अडवून बसतं. यंत्राला टीएसएच सापडत नाही आणि ते खोटंच कमी छापून येतं. फ्री टी-फोरची, म्हणजे रक्तातल्या मोकळ्या टी-फोरची, चाचणी उलट्या पद्धतीने चालते, म्हणून तिथला आकडा खोटाच जास्त येतो. कमी टीएसएच आणि जास्त टी-फोर: हे तर अतिसक्रिय थायरॉइडचं पाठ्यपुस्तकातलं चित्र! ठणठणीत बाईच्या हातात ग्रेव्हज आजाराचा रिपोर्ट पडतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. किमान दोन दिवस आधी गोळी बंद करावी आणि रक्त घ्यायला आलेल्या माणसाला तसं सांगावं. तो विचारत नाही, म्हणून आपण सांगायचं.

या सगळ्यातून पार पडूनही ६.८ खरं असू शकतं. मग लागतो दुसरा नमुना आणि त्यात टीएसएचच्या जोडीला फ्री टी-फोर. घरपोच पॅकेजमध्ये बहुधा एकूण टी-फोर मोजतात. ९९ टक्क्यांहून अधिक टी-फोर रक्तातल्या प्रथिनांना बांधलेलं असतं. गर्भनिरोधक गोळीने किंवा गरोदरपणाने ती प्रथिनं वाढतात आणि एकूण आकडा उगाच फुगतो. मोकळा भाग तेवढा कामाचा.

टीएसएच जास्त आणि फ्री टी-फोर कमी, म्हणजे थायरॉइड खरोखर कमी पडलाय, गोळी सुरू करायची. टीएसएच जास्त पण फ्री टी-फोर व्यवस्थित, म्हणजे मुकादमाने आवाज चढवला आहे आणि मजूर अजून माल पुरा करतोय. डॉक्टर याला सबक्लिनिकल म्हणतात. टीएसएच दहाच्या वर राहत असेल तर बहुतेक डॉक्टर गोळी देतात. साडेचार ते दहाच्या मधला पट्टा मात्र खरा विचार करायला लावणारा. इस्राएलमध्ये लाखो लोकांच्या तपासण्यांचा पाच वर्षं मागोवा घेतला, तेव्हा ज्यांचं टीएसएच एकदा ५.५ ते १० मध्ये आलं होतं त्यांतल्या ६२ टक्क्यांचं पुढच्या तपासणीत औषधाशिवाय नॉर्मल निघालं. पहिल्याच रिपोर्टवर त्या सर्वांना आयुष्यभराची गोळी लागली असती तर निम्म्याहून जास्त लोक ती विनाकारण घेत बसले असते.

गोळीने फरक पडतो का, हेही पाहिलं गेलंय. युरोपात ६५ वर्षांपुढच्या ७३७ जणांवर झालेली ट्रस्ट नावाची चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. सगळ्यांचं टीएसएच किंचित वाढलेलं, निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी रिकामी. वर्षभरानंतर गोळीवाल्यांचं टीएसएच छान उतरलं, सरासरी ३.६३ वर आलं. थकवा मात्र दोन्ही गटांत तेवढाच. कागद सुधारला, माणसाला फरक कळला नाही. वृद्धांना गोळी जास्त झाली तर हृदयाचे ठोके अनियमित होतात आणि हाडं ठिसूळ होतात, म्हणून तिथे हात आवरणंच बरं.

पण अडतीसची शिक्षिका म्हणजे सत्तरीचे आजोबा नव्हेत. तिच्या बाबतीत पुढचा प्रश्न अँटी-टीपीओ नावाच्या प्रतिपिंडांचा. शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच थायरॉइडवर चालून आली की या प्रतिपिंडांची पातळी वाढते. जपानच्या हाकारू हाशिमोटो यांनी १९१२ मध्ये वर्णन केलेला आजार तो हाच. इंग्लंडमधल्या व्हिकहॅम गावाने या प्रश्नाचं फार मोलाचं उत्तर दिलं. तिथल्या २,७७९ लोकांची तपासणी १९७० च्या दशकात झाली आणि वीस वर्षांनी त्यांना पुन्हा गाठलं. ज्या स्त्रियांचं टीएसएच वाढलेलं होतं आणि प्रतिपिंडंही होती, त्यांच्यातल्या दरवर्षी शंभरात चार जणींचा थायरॉइड पूर्ण मंदावत गेला. नुसतं टीएसएच वाढलेलं असेल तर शंभरात अडीच. म्हणजे अँटी-टीपीओ आज काय आहे यापेक्षा उद्या काय होऊ शकेल ते सांगते. ती वाढलेली दिसली म्हणून घाबरून जायचं कारण नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, मुंबई आणि गोव्यासह आठ शहरांतल्या ५,३७६ प्रौढांच्या पाहणीत ही प्रतिपिंडं जवळपास २२ टक्के लोकांत सापडली. थायरॉइड मंदावलेले त्यात साधारण ११ टक्के होते, आणि त्यांतल्या तिसऱ्या हिश्शाला आपल्याला हा आजार आहे याचा पत्ताच नव्हता. एकीकडे नको त्यांना गोळी, दुसरीकडे हवी त्यांना तपासणीच नाही, असं दोन्ही एकाच वेळी चाललेलं आहे.

मूल हवं असलेल्या किंवा गरोदर असलेल्या बाईसाठी मात्र थांबून पाहण्याचा सल्ला लागू होत नाही. बाळाचा मेंदू पहिले काही महिने आईच्याच टी-फोरवर वाढत असतो. त्या काळात गर्भावस्थेचं संप्रेरक स्वतःच थायरॉइडला चालना देतं, म्हणून टीएसएच एरवीपेक्षा खाली असायला हवं. अमेरिकन थायरॉइड असोसिएशनने २०१७ मध्ये पहिल्या तिमाहीसाठी ४ च्या आसपासची वरची मर्यादा धरली. आधीपासून गोळी घेणाऱ्या बाईला गर्भ राहताच डोस साधारण २० ते ३० टक्क्यांनी वाढवावा लागतो. पाळी चुकली की त्याच आठवड्यात डॉक्टरांना कळवावं. बाळंतपणानंतर पहिल्या काही महिन्यांत काही बायकांचा थायरॉइड आधी बेफाम आणि मग मंद होऊन बहुतेकदा पुन्हा जागेवर येतो, हेही लक्षात असावं. बाळंतिणीचा थकवा आणि चिडचिड 'होतंच असं' म्हणून सोडून देताना एकदा टीएसएच पाहायला हवं.

एक आकडा असाही आहे जो ठळक छापला जात नाही आणि म्हणून सर्वांत धोक्याचा. टीएसएच २.१, अगदी रेंजमध्ये, पण फ्री टी-फोर कमी. इथे मजूर मंद पडलाय आणि मुकादम हाकच मारत नाही, कारण आजारी मुकादमच आहे. बाळंतपणात फार रक्तस्राव झालेल्या काही स्त्रियांच्या पिट्युटरीला त्या वेळी रक्त पुरत नाही आणि ती कायमची दुखावते. शीहान सिंड्रोम त्याचं नाव. बाईला दूध येत नाही, पाळी परतत नाही, वर्षानुवर्षं ती थंड आणि निस्तेज राहते, आणि नुसतं टीएसएच पाहणाऱ्याला ती नॉर्मल दिसते. रिपोर्टआधी तिच्या बाळंतपणाची हकिकत ऐकली असती तर रोग तिथेच सापडला असता.

गोळी सुरू झाल्यावरचे रिपोर्ट वाचण्याचंही शास्त्र आहे. टी-फोर रक्तात संथपणे कमी होतं, निम्मं व्हायला सुमारे सात दिवस घेतं. म्हणून डोस बदलल्यावर पातळी स्थिरावायला पाच-सहा आठवडे लागतात, आणि पंधरा दिवसांत केलेली तपासणी फुकट जाते. सहा ते आठ आठवडे थांबावं. गोळी उपाशीपोटी, चहाच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या तिच्यापासून चार तास लांब ठेवायच्या. तपासणीच्या सकाळी आधी रक्त, मग गोळी. काही रिपोर्टांत टीएसएच १५ आणि फ्री टी-फोर मात्र वरच्या काठाला लागलेलं दिसतं. जाणत्या डॉक्टरला त्यातली हकिकत वाचता येते: महिनाभर गोळ्या राहिल्या आणि तपासणीची तारीख आली तेव्हा आठवडाभर नेमाने घेतल्या. टी-फोर भरून आलं, पण महिनाभर ओरडत राहिलेला मुकादम शांत व्हायला वेळ घेतो. रागावण्यापेक्षा गोळी का राहते ते विचारलं तर जास्त उपयोग होतो. बऱ्याचदा कारण एवढंच असतं, की घरात सगळ्यांच्या आधी उठून पहिला चहा तिलाच टाकावा लागतो आणि तो टाकता टाकता तीही घोटभर घेते. अशा बाईला रात्री झोपताना, जेवणानंतर तीन तासांनी गोळी घेण्याची मुभा देता येते.

शिक्षिकेने आठ आठवड्यांनी, केसांच्या गोळ्या आठवडाभर आधी थांबवून, त्याच लॅबला त्याच वेळी रक्त दिलं. या वेळी डॉक्टरांनी चिठ्ठीवर चार नावं लिहिली होती: टीएसएच, फ्री टी-फोर, अँटी-टीपीओ आणि अंगातला लोहाचा साठा सांगणारं फेरिटिन. टीएसएच ५.१ आलं, फ्री टी-फोर मधोमध, अँटी-टीपीओ नाही. फेरिटिन अवघं ८. थकवा आणि कंगव्यातले केस यांचं कारण त्या चौथ्या ओळीत होतं. तिला लोहाची गोळी मिळाली आणि सहा महिन्यांनंतरची टीएसएचची तारीख स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर पेनाने गोल करून ठेवली गेली. तिच्याच शाळेतल्या दुसऱ्या बाईंचं टीएसएच त्याच महिन्यात ६.८ आलं होतं, पण त्यांची अँटी-टीपीओ ६०० होती आणि त्यांना वर्षभरात दुसरं मूल हवं होतं. त्यांच्या उशाशी आता २५ मायक्रोग्रॅमच्या गोळ्यांची बाटली आहे, शेजारी पाण्याचा तांब्या.